आजीला दिसणार नव्हतं ते

“पिढ्यान्‌पिढ्या घेतायत, कुणाला काय झालं?” हे आजीचं पेटंट वाक्य. आमच्याकडे मुलाचं पोट दुखलं की ती सापसंदाचं मूळ सहाणेवर उगाळून चाटवायची. दुखणं थांबायचंही. त्यामुळे मायक्रोबायोलॉजी शिकताना औषधी वनस्पती आपल्या डीएनएला धक्का लावतात का हे तपासणं मला चक्क उद्धटपणा वाटायचा. आजीची परीक्षा घेणारे आपण कोण?

मग ब्रसेल्सबद्दल वाचलं. १९९०च्या सुमारास तिथल्या एका क्लिनिकमध्ये वजन उतरवायला चिनी वनौषधींच्या गोळ्या देत. त्यात एका वनस्पतीच्या जागी चुकून अ‍ॅरिस्टोलोकिया गटातली दुसरीच आली. शंभरहून जास्त जणींच्या किडन्या बिघडल्या, पुढे अनेकींना मूत्रमार्गाचा कॅन्सर झाला. या गटातलं अ‍ॅरिस्टोलोकिक आम्ल डीएनएला चिकटून बसतं आणि त्यातली अक्षरं बदलतं. आणि आमचा सापसंद याच गटातला.

आजी खोटं बोलत नव्हती. उलटी तासाभरात होते, अंगावर फोड दुसऱ्या दिवशी उठतात. म्हणून तर बिब्बा शुद्ध केल्याशिवाय पोटात द्यायचा नाही, हे परंपरेला कळलं. पण वीस वर्षांनी होणारा कॅन्सर लहानपणी चाटवलेल्या मुळाशी कोण जोडणार? तो अनुभवाला दिसतच नाही.

एम्स चाचणीला तो दिसू शकतो. तिच्यातल्या साल्मोनेला जिवाणूंना हिस्टिडीन बनवता येत नाही, त्यामुळे ते वाढत नाहीत. वनस्पतीचा अर्क घातल्यावर दोन दिवसांत भराभर ठिपके उगवले, तर कुठेतरी जनुक बदललंय. सोबत उंदराच्या यकृताचा अर्कही घालतात, कारण निरुपद्रवी पदार्थाचं विष कधीकधी यकृतच करतं.

अर्थात जिवाणू म्हणजे माणूस नव्हे. कांद्यातलं क्वेरसेटिन या चाचणीत दोषी ठरतं, म्हणून कुणी कांदाभजी सोडत नाही (मी तर नाहीच). ठिपके दिसले की पुढे प्राण्यांवर, मग माणसांत बघावं लागतं. पण जे आजीला दिसणं शक्य नव्हतं, ते बघायची सोय हातात असताना न बघणं मला आता तिचा मान राखणं वाटत नाही. ती आपली चालढकल आहे, आणि तिची किंमत मूळ चाटणारं पोर देतं. नव्या रासायनिक औषधाला ही परीक्षा द्यावीच लागते. झाडपाल्याला केवळ वयाच्या दाखल्यावर पास का करायचं?

हे सगळं मी आजीला सांगितलं. ती म्हणाली, “दवाखाना तालुक्याला. पावसात नदीला पूर. मग मी काय द्यायला हवं होतं?” मला उत्तर सुचलं नाही. ती बराच वेळ बोटांवर काहीतरी मोजत बसली. “सहा जणांना दिलंय मी. तू सातवी.”

मी घाईघाईने म्हटलं, अगं, तिकडे बायका महिनोन्‌महिने गोळ्या घेत होत्या, बोटभर चाटण वेगळं. आणि आम्हा सातांपैकी कुणाला काय झालंय?