तलाव कुणी बांधला?

अहिल्यानगर जिल्ह्यातल्या एका गावी वाचनालयानं उन्हाळी वर्ग काढले. चित्रकला, अक्षरसुधार, अबॅकस आणि यादीच्या तळाला इतिहास. इतिहासाला शिक्षक मिळाला तो तालुक्याच्या कॉलेजात तासिका तत्त्वावर शिकवणारा एक तरुण. तास घेतला तर पैसे. मे महिन्यात तास नाहीत, म्हणजे पैसेही नाहीत. त्यामुळे चिटणिसांनी विचारल्यावर मानधन किती हे न विचारताच तो हो म्हणाला.

चिटणिसांनी एवढंच बजावलं, "सर, पोरांकडून सनावळ्या पाठ करून घ्या. शेवटच्या दिवशी पालकांसमोर प्रश्नमंजूषा ठेवू. पालक खूश, आपण मोकळे."

वर्ग सकाळी आठला भरायचा, कारण दहानंतर पत्र्याखाली बसवत नसे. पोरं हुशार होती. शिवराज्याभिषेक? ६ जून १६७४. पानिपतची तिसरी लढाई? १४ जानेवारी १७६१. उत्तरं तोंडावर होती. सरांनी सहज विचारलं, "आणि आपला तलाव?"

क्षणभर सगळे गप्प. मग एकदमच दोघं बोलली.

"आमच्या पणजोबांनी बांधला," पाटलांच्या घरचा मुलगा म्हणाला.

"माझ्या आजीनं बांधला," वस्तीवरची एक मुलगी म्हणाली.

वर्ग खो खो हसला. कुणीतरी ओरडलं, "आजीनं? एकटीनं?" मुलगी लाल झाली. मुलगा म्हणाला, "सांडव्यावर कोनशिला आहे. पणजोबांचं नाव आहे तिच्यावर." मुलगी म्हणाली, "नाव दगडावर असतं. माती कुणी वाहिली? आणि तुमचं काय गेलं त्यात? ते तर गायरान होतं!"

दुसऱ्या दिवसापर्यंत गोष्ट गावभर झाली. पाटलांच्या वाड्यावरून निरोप आला, 'पोरांना भलतंसलतं शिकवू नका.' मुलीचे चुलते वाचनालयाच्या पायरीवर येऊन बसले. चिटणीस हातापाया पडायच्या बेतात आले. "सर, कशाला नसती भानगड? तलाव सरकारनं बांधला म्हणून सांगा आणि विषय मिटवा."

सर म्हणाले, "सरकारनं बांधला, हे तरी कशावरून?"

वर्गात त्यांनी फळ्यावर दोनच नियम लिहिले. पहिला, वहीत जे वाक्य येईल त्याच्यापुढं ते कशावरून लिहिलं, हे आलं पाहिजे. दुसरा नियम पोरांना जड गेला: ज्यानं जो दावा केला, त्यानं समोरच्याचा पुरावा शोधायचा. पाटलांच्या मुलानं आजीकडं जायचं. मुलीनं तलाठी कार्यालयात जायचं आणि तलावाखालची जमीन कुणाची होती ते पाहायचं.

"पण सर, मग माझी बाजू कोण मांडणार?" मुलानं विचारलं.

"ती मांडायची सवय तुला आहेच," सर म्हणाले.

मुलगा दोन मित्र बरोबर घेऊन वस्तीवर गेला. आजी ओसरीत ज्वारी निवडत होती. आधी तिनं ताकास तूर लागू दिली नाही. मग हातातलं सूप खाली ठेवलं.

"बहात्तरचं साल होतं, लेकरा. त्याच्या आधीचं सालबी कोरडंच. हिरी आटल्या, जनावरं दावणीला मेली. तवा दुष्काळी कामं निघाली. कुठं रस्ता, कुठं खडी, आपल्याकडं ह्यो पाझर तलाव. म्या सोळा वर्साची, नवीन लगीन झालेली. खायाला लाल मिलो. भाकरी थापाया घ्यावी तर तुटायची. कामावर सुखडी भेटायची, ती पदरात बांधून सासूला आणायची."

मुलानं वहीत पाहून विचारलं, "आजी, हे कशावरून?"

आजी ताडकन उठली. "कशावरून? चल, दावते!"

भरावापासून थोड्या अंतरावर झुडपांत चौकोनी खड्ड्यांची रांग होती. पोरांच्या ओळखीचीच जागा. त्यातल्या एका खड्ड्याच्या मधोमध मुरमाचा उंचवटा उभा होता, कमरेइतका. पोरं त्याला स्टंप धरून क्रिकेट खेळायची.

"आरं, ह्या खड्ड्यांची माती त्या भरावावर हाय. रोज माती काढायची आन् मधी येवढा ठोकळा ठेवायचा. मिस्त्री यायचा, ठोकळ्याची उंची मोजायचा. जेवढी उंची तेवढं खोल खोदलं. तेवढीच मजुरी. ठोकळा पाडला तर दिसाची मजुरी बुडाली."

मुलगा त्या उंचवट्याभोवती एक फेरी मारून आला. मग वहीत लिहायला बसला. लिहिता लिहिता त्यानं विचारलं, "तुमच्या टोळीत कोण कोण होतं?"

आजी बोटं मोजत नावं सांगू लागली. चार-पाच नावांवर थांबली. "सांगू का नगं... तुजी पणजी व्हती."

"कोण?"

"पाटलीणबाई. तोंडावरनं पदर वढून यायची, वळख लागू नये म्हनून. पन पाटी माझ्यायेवढीच भरून न्यायची. एकदा तिला चक्कर आली तर माझी सुखडी म्या तिला दिली. दुसऱ्या दिशी तिनं तिची मला आणून दिली. उसनं ठेवायची नाय."

मित्र एकमेकांकडं बघायला लागले. मुलानं वही मिटली आणि तडक घर गाठलं. आजोबा झोपाळ्यावर होते. त्यानं आजीचं सगळं बोलणं त्यांना सांगितलं आणि नेमाप्रमाणे विचारलं, "हे खरं का?"

आजोबा बराच वेळ काही बोलले नाहीत. शेवटी म्हणाले, "खरं आहे. मी तेव्हा तुझ्याएवढाच होतो. घरात ज्वारीचा दाणा नव्हता. आई अंधारात निघायची. पुढं बरे दिवस आल्यावर आमच्या वडिलांनी घरात तो विषयच बंद केला. पाटलाची बायको मातीच्या पाट्या वाहते, हे त्यांना सोसत नव्हतं."

संध्याकाळी मुलगा सांडव्यावर गेला. दर पंधरा ऑगस्टला कोनशिलेवर चुना फासला जायचा आणि पणजोबांच्या नावाची ओळ तेवढी लाल रंगानं गिरवली जायची. खालच्या ओळी चुन्यानं बुजल्या होत्या. त्यानं करवंटीनं चुना खरवडला. 'सांडव्याची दुरुस्ती' अशी ओळ निघाली, सरपंच म्हणून पणजोबांचं नाव आणि तलाव होऊन गेल्यानंतरचं साल. हे कुणी पाहिलं नव्हतं. त्याला गप्प बसता आलं असतं. त्यानं ते जसंच्या तसं वहीत उतरवलं.

तिकडं मुलगी तलाठ्याच्या टेबलापुढं उभी होती. भाऊसाहेबांनी दोनदा उद्या ये म्हणून परत पाठवलं. तिसऱ्यांदा जुनं फेरफार रजिस्टर काढलं. नोंद स्पष्ट होती. तलावाखाली गेलेली जमीन गायरान नव्हती. पाटलांच्या नावची काळी जमीन होती ती, विहिरीसकट. तिनं तेच पान तीनदा वाचलं. रात्री जेवताना तिनं आजीला विचारलं, "तू तर म्हणायचीस गायरान होतं. कशावरून म्हणायचीस?"

आजीचा घास हातातच राहिला. "मुकादम म्हणला व्हता. आमी कुठं कागद बगितला?" थोड्या वेळानं ती म्हणाली, "म्हंजी त्या बाईनं सोताच्याच रानातली माती वाहिली म्हन की."

वर्गात दोन्ही वह्या वाचल्या गेल्या तेव्हा कुणी हसलं नाही. मग सरांनी गावाबाहेरचं सांगितलं, कारण आता पोरांना ते कुठं बसवायचं हे कळत होतं. मे १९७३ मध्ये महाराष्ट्रात जवळजवळ ५० लाख माणसं अशा कामांवर होती. वसंतराव नाईक तेव्हा मुख्यमंत्री होते. मागेल त्याला काम ही कल्पना वि. स. पागे यांनी मांडली, तिची रोजगार हमी योजना झाली, १९७७ मध्ये तिचा कायदा झाला आणि २६ जानेवारी १९७९ पासून तो अमलात आला. पुढं २००५ मध्ये देशासाठी रोजगार हमीचा कायदा झाला, त्याआधी हा अनुभव महाराष्ट्राच्या गाठीशी होता. "आणि त्या ५० लाखांत," सर म्हणाले, "दोघीजणी आपल्या गावच्या, एकाच टोळीतल्या."

शेवटच्या दिवशी प्रश्नमंजूषा झाली नाही. पोरांनी तलावाचा इतिहास वाचून दाखवला. जमीन पाटलांची, कशावरून तर फेरफार नोंद. भराव मजुरांच्या हातचा, कशावरून तर खड्डे, त्यातला ठोकळा आणि आजीची साक्ष. कोनशिला सांडव्याच्या दुरुस्तीची, कशावरून तर तिच्याच खालच्या ओळी. पाटलीणबाई टोळीत होत्या, कशावरून तर आजी आणि पाटील आजोबा या दोघांचं जुळलेलं सांगणं. एका वाक्यापुढं मात्र पोरांनी 'पुरावा मिळाला नाही' असं लिहिलं होतं. कुणीतरी सांगितलं होतं की तलाव बघायला एक मोठे मंत्री येऊन गेले. सांगणारे सतरा भेटले, पाहिलेला एकही नाही.

एक पालक उठून म्हणाले, "मग सर, निकाल काय? तलाव बांधला कुणी?"

सरांनी मुलाकडं पाहिलं. मुलगा म्हणाला, "हिच्या आजीनं." मुलगी लगेच म्हणाली, "आणि ह्याच्या पणजीनं." वाड्यावरचे आजोबा मागच्या खुर्चीवर होते. ते उठले आणि सगळ्यांच्या देखत म्हणाले, "कोनशिलेचा चुना पुरा काढा. खालच्या ओळीही रंगवा. शेजारी दुसरी पाटी लावू, टोळीतल्या बायांच्या नावांची. आईचं नावही घाला."

चिटणिसांनी पुढच्या वर्षीच्या यादीत इतिहास वर घेतला. मानधनाचं मात्र तेवढंच राहिलं.

तात्पर्य: दुसऱ्याच्या दाव्याला 'कशावरून?' विचारणारे गावोगाव सापडतात. तोच प्रश्न जो आधी आपल्या घरच्या कहाणीला विचारतो, त्यालाच खरा इतिहास सापडतो. आणि घराण्याची अब्रू त्यानं जात नाही, उलट लपवलेला मोठेपणा उजेडात येतो.