जनुकाचा हमाल

सप्टेंबर १९९९मध्ये अमेरिकेतल्या फिलाडेल्फियात जेसी गेल्सिंगर हा १८ वर्षांचा तरुण जनुकोपचाराच्या एका चाचणीत दगावला. यकृतातल्या एका विकराच्या दोषामुळे त्याच्या रक्तात अमोनिया साचायचा. दुरुस्त जनुक यकृतापर्यंत नेण्यासाठी सर्दीच्या जातीतला एक विषाणू निकामी करून वापरला होता. इंजेक्शननंतर चौथ्या दिवशी जेसी गेला. जनुकाने त्याचा घात केला नाही. विषाणूविरुद्ध शरीराची प्रतिकारयंत्रणा इतकी खवळली, की एकेक अवयव बंद पडत गेला.

२०२५च्या फेब्रुवारीत त्याच शहरात अमोनियाच्याच, त्याच गटातल्या दुसऱ्या आजाराच्या एका बाळाला जनुकदुरुस्तीचं औषध दिलं गेलं. पुढच्या दोन महिन्यांत आणखी दोनदा, म्हणजे एकूण तीनदा, दिलं गेलं. या वेळी विषाणू नव्हता, स्निग्ध रेणूंचे नॅनोकण होते. बाळ पूर्ण बरं झालं असं कुणी म्हणत नाही, पण ते घरी गेलं.

या दोन उपचारांची तुलना सरळ नाही, हे मान्य. पहिल्यात नवं जनुक घालायचं होतं, दुसऱ्यात जुन्या जनुकातलं एक अक्षर बदलायचं होतं. तरीही ‘तीनदा’ हा शब्द माझ्या मते मोलाचा आहे. विषाणू एकदा टोचला की शरीर त्याला ओळखून ठेवतं आणि दुसरा डोस बहुधा वाया जातो. जनुकोपचाराच्या बातम्यांत कौतुक होतं ते जनुकाचं, कात्रीचं, संपादनाचं. ओझं वाहून नेणाऱ्या हमालाकडे कुणी बघत नाही. औषध कुणापर्यंत पोचणार, किती वेळा देता येणार आणि अंगावर उलटणार का, हे बऱ्याच अंशी तोच ठरवतो.

विषाणूऐवजी वापरलेला हा स्निग्ध हमाल सरफॅक्टंटच्या कुळातला आहे. पाण्याची ओढ असलेलं डोकं आणि तेलाची ओढ असलेलं शेपूट, अशी या रेणूंची घडण. साबणात डोक्यावर ऋणभार असतो. इथे धनभार लागतो, कारण डीएनएच्या कण्यावरचा प्रत्येक फॉस्फेट ऋणभारित असतो. बायोटेक्नॉलॉजी शिकलेल्या कुणालाही सीटॅब हा धनभारित सरफॅक्टंट ठाऊक असतो. पान खलात वाटून सीटॅबच्या द्रावणात ६५ अंशांवर ठेवलं, की पेशीपटलं फुटतात आणि डीएनए बाहेर येतो. द्रावणात मीठ भरपूर असेल तोवर डीएनए विरघळलेला राहतो. मीठ कमी केलं, की सीटॅब आणि डीएनए एकमेकांना बिलगतात आणि तळाशी पांढुरका साका बसतो. म्हणजे डीएनएची पुडी बांधणं ही काही अवघड गोष्ट नाही. अवघड आहे ते पुढचंच. सॅव्हलॉनमधलं सेट्रिमाइड सीटॅबचंच भावंड. ज्या गुणाने ते जंतूचं आवरण फोडतं, त्याच गुणाने आपल्या पेशीचंही फोडेल. आणि तो गुण काढून टाकला, तर औषध पेशीत शिरणारच नाही.

या पेचातून पहिली वाट काढली ती शेपटांनी. एका शेपटाचे रेणू रक्तात पातळ झाले की सुटे होतात आणि सुटे रेणूच पेशीपटलात घुसून नासधूस करतात. दोन शेपटांचे रेणू एकमेकांना धरून राहतात, त्यांचे पापुद्रे बनतात. १९८७मध्ये फिलिप फेल्ग्नर आणि सहकाऱ्यांनी डॉटमा नावाच्या अशा दोनशेपटी, धनभारित लिपिडने प्रयोगशाळेतल्या पेशींमध्ये डीएनए पोचवून दाखवला. पुढे दोन डोकी आणि दोन शेपटं जोडलेले ‘जेमिनी’ सरफॅक्टंटही आले. बशीतल्या पेशींवर यातले कितीतरी रेणू उत्तम चालले. रक्तात मात्र कायमचा धनभार नडला: रक्तातली ऋणभारित प्रथिनं त्याला चिकटतात, गुठळ्या होतात, दाह उसळतो.

शिवाय पेशीत शिरणं म्हणजे काम फत्ते होणं नव्हे. पेशी गिळलेला कण एन्डोसोम नावाच्या पिशवीत कोंडते, तिथली आम्लता वाढवत नेते आणि शेवटी त्याचा चुराडा करते. नॅनोकणांतून पाठवलेल्या छोट्या आरएनएचा माग काढला, तेव्हा शंभरातले जेमतेम एक-दोन रेणू या पिशवीतून निसटतात असं दिसलं. बाकीचा माल वाया.

यावरचा उपाय मला या सगळ्या इतिहासातली सर्वांत देखणी गोष्ट वाटते. कॅनडात व्हँकुव्हरच्या पीटर कुलिस यांच्या आणि इतरांच्या कामातून असे लिपिड घडले, ज्यांच्या डोक्यावर रक्तात जवळजवळ भारच नसतो. एन्डोसोममध्ये आम्लता वाढली की तिथे ते धनभारित होतात, पिशवीच्या पटलातल्या ऋणभारित लिपिडांशी जोड्या जमवतात आणि पटल विस्कटतं. फोडण्याची ताकद तीच, पण ती हवी तिथे आणि हवी तेव्हाच जागी होते. याच तत्त्वावरचं पॅटिसिरान हे औषध २०१८मध्ये अमेरिकेत मंजूर झालं. कोविडच्या एमआरएनए लशी आल्या त्याही याच वाटेने.

या वाटेचे दोष झाकायचं कारण नाही. हे कण शिरेतून दिले की मुख्यतः यकृतात जातात. फुप्फुसांपर्यंत पोचण्यासाठी ब्रिटनमध्ये सिस्टिक फायब्रोसिसच्या रुग्णांना धनभारित लिपिडमधलं जनुक वर्षभर दरमहा श्वासावाटे दिलं. २०१५मध्ये निष्कर्ष आले तेव्हा फायदा खरा होता, पण किरकोळ. आणि लिपिड फ्लास्कमध्ये बनतात म्हणून औषध स्वस्त होतं, हाही भ्रम. पॅटिसिरानची वर्षाची छापील किंमत साडेचार लाख डॉलर होती आणि लिपिड कणांच्या पेटंटवरून बड्या कंपन्या कोर्टात भांडत आल्या आहेत.

तिथेच आपला संबंध येतो. मुंबईत आयआयटी आणि टाटा मेमोरियलने मिळून घडवलेली कॅन्सरवरची कार-टी उपचारपद्धती परदेशी उपचाराच्या किमतीच्या काही अंशात मिळते, कारण ती इथे घडली. तिच्यात पेशींमध्ये जनुक नेणारा वाहक मात्र विषाणूच आहे. पुण्याच्या जेनोव्हाच्या एमआरएनए लशीला जून २०२२मध्ये आणीबाणीची परवानगी मिळाली. धनभारित स्निग्ध नॅनोइमल्शनवर बसवलेली ही लस साध्या फ्रीजच्या २ ते ८ अंशांत टिकते. वाहक बदलला की साठवणुकीचा हिशेबही कसा बदलू शकतो, त्याचं हे घरचं उदाहरण.

आता विदर्भातला किंवा नंदुरबारमधला सिकलसेलचा रुग्ण डोळ्यांसमोर आणा. २०२३च्या अखेरीस मंजूर झालेल्या जनुकसंपादनाच्या उपचारात त्याच्या मूळपेशी बाहेर काढाव्या लागतात, विजेचा झटका देऊन त्यांत संपादनाचं साहित्य घालावं लागतं आणि केमोथेरपीने मज्जा रिकामी करून त्या परत सोडाव्या लागतात. अमेरिकेत जाहीर झालेली किंमत २२ लाख डॉलर. गडचिरोलीत हे कधीच होणार नाही. होऊ शकेल ते शिरेतून देता येणारं, मज्जेपर्यंत पोचणारं औषध, आणि तिथे अडलंय ते जनुकापाशी नव्हे, वाहकापाशी. संशोधनाचे प्रस्ताव तपासणाऱ्या समित्यांवर या मासिकाचे काही वाचक असतील. लिपिड आणि सरफॅक्टंटच्या रसायनशास्त्राचा प्रस्ताव समोर आला, तर ‘यात नवीन काय’ म्हणून तो बाजूला सारू नका.