ओले ते वर ठेवावे

पुरात माणसांची घरे बुडतात, हे सर्वांना दिसते. चाकांवरची घरेही बुडतात, पण त्यांचा पंचनामा कोणी मनावर घेत नाही. आमच्या कुटुंबाकडे एक जुनी मिनीबस होती. सीटा काढून आत चार बर्थ, एक ओटा, पाण्याची टाकी आणि भांड्यांचे कपाट बसवून घेतले होते. मिरजेचा उरूस, गुलबर्ग्याची जियारत, एकदा तर थेट अजमेर, असे सगळे प्रवास तिच्यातून झाले. घरातली म्हातारी माणसे लॉजमध्ये झोपायला तयार नसत, या गाडीत मात्र निर्धास्त झोपत. आम्ही तिला गाडी म्हणत नसू, ‘फिरते घर’ म्हणत असू.

२०१९च्या ऑगस्टमध्ये ते घर पाण्यात गेले. राजाराम बंधाऱ्यावर पंचगंगेची इशारा पातळी ३९ फूट आणि धोका पातळी ४३ फूट मानतात. त्या वर्षी पाणी ५५ फुटांच्याही वर गेले. शिरोलीजवळ महामार्ग बुडाला आणि कित्येक दिवस बंद राहिला. शाहूपुरीच्या सखल भागात उभी असलेली आमची गाडी खिडकीपर्यंत पाण्यात होती. १२ ऑगस्टला बकरी ईद आली, तेव्हा गावात अनेक घरांतून चिखल उपसणे चालू होते.

पाणी उतरल्यावर पहिला मोह होतो तो चावी फिरवून बघण्याचा. उद्यमनगरातल्या मिस्त्रींनी आधीच बजावले होते, “दादा, चावीला हात लावू नका.” त्याचे कारण साधे आहे. हवा दाबली जाते, पाणी दाबले जात नाही. सिलिंडरमध्ये पाणी असताना इंजिन फिरवले तर कनेक्टिंग रॉड वाकतो आणि जे वाचले असते तेही जाते. गाडी ओढत गॅरेजला नेली. इंजिनचे ऑइल चहासारखे दुधट झाले होते. गिअरबॉक्स, डिफरन्शियल, चाकांच्या बेअरिंगांतले ग्रीस, सगळे बदलावे लागले. वायरिंगचे सांधे हिरवे पडले होते. बर्थचे प्लायवूड फुगून त्याचे पापुद्रे सुटले होते. आतला पत्रा उचकटला, तेव्हा त्यामागे बोटभर गाळ निघाला.

महिनोन्‌महिने काम चालले. दर जुम्म्याला नमाज झाल्यावर आम्ही गॅरेजवर जात असू आणि दर वेळी काहीतरी नवे सडलेले सापडे. शेवटी ओटा नवा, बर्थ नवे, वायरिंग नवे, अर्धा पत्रा नवा. तेव्हा घरातल्या एका पोराने विचारले, “मग ही आपलीच गाडी कशी?”

प्रश्न पोराचा असला तरी जुना आहे. राजा मिलिंदाला भिक्खू नागसेनाने रथाविषयी हाच प्रश्न केला होता. चाक म्हणजे रथ का? आस म्हणजे रथ का? एकेक भाग बाजूला काढला तर रथ उरतो कुठे? ग्रीकांनी थिसियसच्या जहाजाविषयी तेच विचारले. फळ्या एकेक करून बदलल्या, तर जहाज जुने की नवे? आपल्याकडच्या अशअरी विचारवंतांनी तर आणखी पुढे जाऊन म्हटले, की वस्तूचे गुण दोन क्षणही टिकत नाहीत, अल्लाह ते क्षणोक्षणी नव्याने निर्माण करतो. आर. टी. ओ.चे उत्तर मात्र एका ओळीचे आहे. चेसिस नंबर तोच, तर गाडी तीच.

आम्हांला वाटते, या कारकुनी उत्तरात थोडे शहाणपण आहे. पत्रा बदलतो, लाकूड बदलते. पण ही गाडी कोणत्या वाटांनी गेली, तिच्यावर काय गुदरले, तिचे उत्तर कोणी द्यायचे, ही साखळी तुटत नाही. वस्तूचे ‘तेच’पण तिच्या द्रव्यात असण्यापेक्षा तिच्या इतिहासात आणि आपल्या जबाबदारीत अधिक असते. आणि तसे असेल, तर पूर हाही त्या गाडीचाच भाग झाला. तो रंगाखाली दडपला, तर आपण गाडी दुरुस्त केली नाही, तिची ओळख बदलली.

हे सारे केवळ विचार म्हणून ठीक होते. गाडी विकायची वेळ आली तेव्हा त्याची किंमत कळली. वडीलधारी गेली, प्रवास थांबले. एजंट आला, गाडी पाहून खूश झाला आणि म्हणाला, “काम झकास झालंय. पुराचं तेवढं बोलू नका. सगळेच असं विकतात.” पुराचे सांगितले तर किंमत निम्म्यावर येईल, हा त्याचा हिशेब होता. आम्ही त्या रात्री गप्प राहिलो, हे कबूल केले पाहिजे. दुरुस्तीला झालेला खर्च डोळ्यांपुढे होता. शिवाय मनाने एक पळवाटही शोधली होती, ती म्हणजे सगळे बदललेच आहे, मग सांगायचे काय?

सांगायचे होते ते चेसिसच्या चॅनेलविषयी. मिस्त्रींनी पहिल्याच दिवशी म्हटले होते, “इंजिन गप बसंल, पण चॅनेल गप बसणार न्हाई. त्ये आतनं गंजतंय.” बाहेरून तासून रंग मारता येतो, पण पोकळीत साचलेला ओलावा आपले काम करीत राहतो. तो आज दिसत नाही. दोन-चार पावसाळ्यांनी, घाटात, कोणाची तरी लेकरे आत झोपलेली असताना दिसेल.

मदिनेच्या बाजारातला प्रसंग आपण लहानपणापासून ऐकत आलो आहोत. पैगंबर (स.) यांनी धान्याच्या राशीत हात घातला, तो आत ओल लागली. विक्रेत्याने पाऊस पडल्याचे कारण सांगितले. तेव्हा त्यांनी विचारले, की मग भिजलेले धान्य लोकांना दिसेल असे वर का ठेवले नाहीस? आणि फसवणारा आपल्यातला नव्हे, असे सुनावले. त्या विक्रेत्याने पाऊस पाडला नव्हता, जसा आम्ही पूर आणला नव्हता. धान्य भिजणे हा गुन्हा ठरला नाही, ते खाली दडवणे हा ठरला. भिजलेले धान्य विकू नकोस, असेही कोणी म्हटले नाही. पुढे फिकहमध्ये दोष लपवलेला माल परत करण्याचा ग्राहकाचा हक्क मान्य झाला.

येथे एक अडचण उभी राहते. आपल्याच धर्मात दुसऱ्याचे ऐब झाकण्याची मोठी शिकवण आहे. जो भावाचे झाकील त्याचे अल्लाह झाकील, असे आपण ऐकतो. मग ऐब झाकावे की उघडे करावे? आम्हांला सुचलेला निकष असा, की दोषाचा भार कोणाच्या डोक्यावर पडतो ते पाहावे. एखाद्याचे वैयक्तिक स्खलन चव्हाट्यावर आणून कोणाचे भले होत नाही, ते झाकावे. पण ज्या दोषाचा भार अजाण दुसऱ्यावर पडणार आहे, तो झाकणे ही दया नव्हे, ती फसवणूक आहे.

हा निकष गाडीपुरता ठेवला तर सोपा आहे. समाजाला लावला की जड जातो. आपणही आपल्या घरातले कित्येक ओले प्लायवूड नव्या सनमायक्याखाली झाकले आहे. हुंडा आपल्यात नाही असे सांगतो आणि घेतो. जातपात नाही म्हणतो आणि सोयरीक जुळवताना बिरादरी विचारतो. मुलीची शाळा सुटते त्याचा उच्चार करीत नाही. बाहेरचे लोक टपलेले आहेत, बोललो तर त्यांच्या हाती कोलीत मिळेल, असे कारण आपण देतो. हे भय खोटे नाही. दोष सांगणाऱ्यालाच सदोष ठरवणारा ग्राहक बाजारात असतोच. पण भार कोणावर पडतो? बोलणाऱ्या पुरुषांवर नाही. तो आत झोपलेल्यांवर पडतो, ज्यांना चॅनेल गंजल्याचे कोणी सांगितलेच नाही. १९०६ साली मुस्लिम बोर्डिंग उभे राहताना समाजाच्या शिक्षणाची दैना शाहू महाराजांपुढे उघडी होती, म्हणून तिच्यावर इलाज सुरू झाला. झाकलेल्या जखमेवर कोणताही हकीम मलम लावू शकत नाही.

दुसऱ्या दिवशी आम्ही एका वहीच्या पानावर सर्व लिहून काढले. पाणी कुठपर्यंत आले, काय बदलले, काय बदलता आले नाही. पहिल्या गिऱ्हाइकाने पान वाचले आणि चहा न घेताच गेला. दुसरा भाव पाडून पाडून थकला आणि गेला. तिसऱ्याने पान दोनदा वाचले, गाडीखाली शिरून चॅनेलवर हातोडीने ठोकून पाहिले आणि नवीन पट्टी मारायला किती लागेल ते मिस्त्रींना विचारले. तो खर्च वजा करून त्याने किंमत सांगितली. आमच्या अपेक्षेहून ती बरीच कमी होती. आम्ही ती घेतली. जाताना त्याने ते पान घडी करून आर. सी. बुकात ठेवले.

नुकसान झाले, हे खरे. सचोटीने बरकत येते असे म्हणून ते पुसून टाकण्याची आमची इच्छा नाही. २०२१च्या जुलैत पुन्हा पूर आला, तेव्हा मात्र त्या माणसाचा फोन आला. गाडी त्याने आधीच उंचावर नेऊन लावली होती. पाणी तिचे काय करते, हे त्याला पानावर वाचून ठाऊक होते.