उपदेशाचा अधिकार

दिल्लीत नव्या इमारतींच्या पायाशी बुंदेलखंडातून, बिहारातून आलेल्या मजुरांची पत्र्याची खोपटी उभी राहतात आणि इमारत पुरी होताच नाहीशी होतात. या वस्त्यांतून आरोग्यशिक्षणाचे जे कार्य चालते त्याविषयी आम्हांस आदर आहे. तरीही एक शंका मनातून जात नाही. टँकरच्या दोन बादल्यांवर जिला दिवस काढावा लागतो, तिला वारंवार हात धुण्याचा उपदेश कोणत्या अधिकाराने करावा? पाणी उकळून प्यावे हे खरे. पण उकळण्यास सरपण लागते, आणि सरपण मजुरीतून येते. आडोसा नाही म्हणून दिवसभर तहान मारणाऱ्या बाईस 'भरपूर पाणी पीत जा' असे सांगणे, यात अज्ञान नेमके कोणाचे? अशा शिक्षणाने मालकाचे कर्तव्य नकळत मजुराच्या शिरावर जाते, आणि मूल दगावले की दोष आईच्या अडाणीपणास लागतो.

मग नळ येईपर्यंत ज्ञान रोखून धरावे काय? तसे म्हणण्यास आम्ही धजत नाही. मजुरांहूनही हतबल अशा निर्वासितांच्या बनगाव येथील छावणीत 1971 साली पटकीची साथ आली. शिरेतून द्यावयाचे द्रव अपुरे पडले, तेव्हा डॉ. दिलीप महालनबीस यांनी मीठ, ग्लुकोज व खाण्याचा सोडा पाण्यात मिसळून ते पाजण्याचे काम रुग्णांच्या आप्तांवरच सोपविले. शेकडा 30 च्या आसपास गेलेले मृत्यूचे प्रमाण 4 च्याही खाली आले. पाजणाऱ्या हातांना वैद्यकाचा गंध नव्हता. परंतु त्यांना नुसता पाठ मिळाला नव्हता. द्रावणही मिळाले होते, हे विसरून चालणार नाही.

दिल्लीतही 1969 साली मीरा महादेवन यांनी बांधकामावरील मुलांसाठी जे काम आरंभिले, त्याची सुरुवात व्याख्यानाने नव्हे, पाळणाघराने झाली.

पिण्याचे पाणी व शौचकूप पुरविण्याचे बंधन 1996 च्या कायद्याने मालकावर घातले. 2020 च्या संहितेनेही ते ठेवले. कागद सांभाळणे हाच आमचा व्यवसाय असल्यामुळे कागदावरच्या नळाला पाणी येत नाही हे आम्ही जाणतो. म्हणूनच हात कसे धुवावेत या धड्यात पाणी कोणाकडे मागावे हेही आले पाहिजे, असे आमचे मत आहे. अडचण एवढीच की, शिकविणारी बाई ठेकेदाराच्या परवानगीने फाटकातून आत येते. हे वाक्य उच्चारल्यावर तिला उद्या आत घेतील की नाही, याचा विचार तिने करावयाचा असतो, आम्ही नव्हे.