नमस्कार कोणासाठी?

औंध संस्थानचे राजे भवानराव पंतप्रतिनिधी यांनी १८९७ साली युजेन सँडो या जगप्रसिद्ध बलवानाची व्यायामसाधनं मागवली आणि सुमारे दहा वर्षं त्याच्या पद्धतीनं नेमानं शरीर कमावलं. मग ते सूर्यनमस्कारांकडे वळले. वळले ते असे, की संस्थानातल्या शाळांत नमस्कार सक्तीचे झाले, आणि १९३८ मध्ये लंडनहून त्यांचं ‘द टेन-पॉइंट वे टू हेल्थ’ हे इंग्रजी पुस्तकही निघालं. त्या शीर्षकात आरोग्य आहे, सूर्य नाही. अंगणात उगवतीकडे तोंड करून जी उपासना व्हायची, तिचीच ओळख परक्या वाचकाला तब्येतीचा उपाय म्हणून झाली. घाम तोच, कमरेतून वाकणंही तेच. मग नमस्कार घालणारा माणूस नेमकं काय करत असतो?

जुन्या घरांत या प्रश्नाचं उत्तर पहिल्या नमस्काराआधीच दिलं जाई. आचमन झालं की संकल्प. संवत्सर, अयन, ऋतू, मास, पक्ष, तिथी, वार; गोदावरीच्या कुठल्या तीरावर आपण आहोत, तेही; मग गोत्र, नाव, आणि सूर्यनारायणाच्या प्रीतीसाठी हे नमस्कार घालतो आहे असा स्पष्ट उच्चार. त्यानंतर पळीतलं पाणी हातावरून ताम्हनात सोडायचं. आज हे कर्मकांड वाटेल, पण त्यात फार मोठी समज आहे. इतक्या तपशिलानं माणूस स्वतःला एका ठरावीक जागी, ठरावीक सकाळी उभं करतो. ‘कधीतरी सुरू करायचंय’ याला तिथे वावच राहत नाही. आणि आपण हे कशासाठी करतो आहोत, हे त्याला स्वतःच्या तोंडून ऐकावं लागतं.

हेतूला एवढं महत्त्व का, याचं उत्तर गीतेच्या सतराव्या अध्यायात सापडतं. तिथे विषय व्यायामाचा नाही, तपाचा आहे. पण देहाला कष्टवणाऱ्या प्रत्येकाला तो लागू पडावा. तेच तप फळाची आस न धरता श्रद्धेनं केलं तर सात्त्विक. मान मिळावा, लोकांनी वाखाणावं म्हणून केलं तर राजस. आणि असं तप चंचल, न टिकणारं असतं, असं गीता बजावते. लग्नाच्या फोटोंसाठी सुरू झालेला व्यायाम फोटो निघाल्यावर का थांबतो, याचं याहून नेमकं निदान शोधूनही मिळणार नाही. तिसरं तामस, हट्टानं स्वतःला पिळणारं. दंभापायी शरीराचे हाल करणारे लोक देहात वसलेल्या ईश्वरालाच छळतात, इतक्या कडक शब्दांत हा अध्याय बोलतो. पिळदार दंडांसाठी स्टिरॉइडची सुई टोचून घेणाऱ्या तरुणाला हे कोणीतरी मायेनं सांगायला हवं.

आयुर्वेद हीच गोष्ट वैद्याच्या भाषेत सांगतो. सुश्रुतानं व्यायाम अर्ध्या शक्तीपर्यंतच करायला सांगितला आहे, आणि अतिव्यायाम करणाऱ्याला चरकानं हत्तीला ओढू पाहणाऱ्या सिंहाची उपमा दिली आहे. सिंह बलवान खराच, पण त्या ओढाताणीत तोच संपतो.

१९३२ मध्ये धुळ्याच्या तुरुंगात विनोबांनी गीतेवर प्रवचनं दिली आणि साने गुरुजींनी ती उतरवून घेतली. चौथ्या अध्यायावर बोलताना विनोबा बाहेरचं कर्म आणि त्याला आतून मिळणारी मनाची जोड वेगळी दाखवतात. त्या जोडीला ते विकर्म म्हणतात. जोड मिळाली की कर्माचं ओझं वाटेनासं होतं. पहाटे उठण्याचा रोजचा झगडा ज्यांना ठाऊक आहे, त्यांना हे तत्त्वज्ञान अगदी अंगावरचं वाटेल. हा झगडा आळसाचा असतो असं आपण धरून चालतो. पुष्कळदा शरीर एका कारणासाठी उठत असतं आणि मन दुसऱ्याच कारणाला धरून बसलेलं असतं.

मग भीतीनं आलेल्याचं काय? रक्तातल्या साखरेचा अहवाल हातात घेऊन, डॉक्टरांच्या धाकानं टेकडी चढू लागलेल्या पन्नाशीच्या माणसाचा हेतू काही सात्त्विक म्हणता येत नाही. त्याला जगायचं आहे, मुलीचं शिक्षण पुरं झालेलं पाहायचं आहे. सतराव्या अध्यायाच्या मापानं तो कमीच भरेल. पण त्याच गीतेचा सातवा अध्याय देवाकडे येणारे चार जण सांगतो: आर्त, जिज्ञासू, काहीतरी हवं असलेला अर्थार्थी आणि ज्ञानी. ज्ञानी देवाला सर्वांत जवळचा, हे खरं. तरी हे चौघेही उदारच आहेत, असा निर्वाळा श्रीकृष्ण देतात. दुखणं घेऊन आलेल्याला दारातून परत पाठवलेलं नाही. टेकडीच्या पायथ्याशी चपलेचा पट्टा घट्ट करताना त्या माणसानं मनातल्या मनात ‘मी घाबरलो आहे, म्हणून आलो आहे’ एवढं म्हटलं, तरी तो त्याचा खरा संकल्प झाला. महिन्याभरानं त्याच जागी त्याच्या मनात कदाचित दुसरंच वाक्य येईल, आणि ते त्याला कोणी शिकवलेलं नसेल.