ऑप्शनला टाकलेलं जग

राज्यशास्त्राच्या एम.ए.चा एक विद्यार्थी परवा बोलता बोलता म्हणाला, ‘शेवटचं युनिट मी ऑप्शनला टाकलंय.’ त्या युनिटमध्ये इब्न खल्दून, गांधी, फॅनन आणि आंबेडकर होते. आधीची सगळी युनिटं प्लेटो ते रॉल्स. पेपरचं नाव मात्र ‘जागतिक राजकीय विचार’. ते वाक्य डोक्यातून जाईना.

दोष त्या मुलाचा नाही. चौदाव्या शतकातला ट्युनिसचा इतिहासकार इब्न खल्दून आणि विसाव्या शतकातला मार्टिनिकचा मनोविकारतज्ज्ञ फॅनन एका खोलीत कोंबले, ते दोघं युरोपीय नाहीत एवढ्याच कारणाने. युरोपकेंद्री अभ्यासक्रमावरची टीका आता सर्वांना पाठ आहे. ती पुन्हा उगाळत नाही. मला भेद करावासा वाटतो तो हजेरी आणि नातं यांच्यात. प्रत्येक खंडातून एकेक नाव घेतलं की हजेरी लागते. विचार कुणाकडून कुणाकडे गेला आणि वाटेत कसा बदलला, हे शोधलं की नातं कळतं.

जोतीराव फुल्यांनी टॉमस पेन वाचला आणि १८७३ सालची ‘गुलामगिरी’ अमेरिकेतल्या गुलामांच्या मुक्तीसाठी झटणाऱ्यांना अर्पण केली. आंबेडकर १९१३ मध्ये कोलंबियाला गेले, तिथे जॉन ड्यूईंची व्याख्यानं ऐकली. १९४६ मध्ये त्यांनी अमेरिकेतले कृष्णवर्णीय विचारवंत ड्यू बॉईस यांना पत्र लिहिलं. अमेरिकेतले कृष्णवर्णीय आपली कैफियत संयुक्त राष्ट्रांपुढे मांडत होते, त्या निवेदनाच्या प्रती आंबेडकरांना हव्या होत्या. ड्यू बॉईस यांनी उत्तरही दिलं. या छोट्या पत्रव्यवहारावर एक अख्खा तास खुशाल खर्च करावा. अशा आंबेडकरांना ‘बिगरपाश्चात्त्य’ कप्प्यात कसं बसवणार?

एक ज्येष्ठ सहकारी म्हणतात, ‘आधी पाया पक्का करा, जग नंतर.’ त्यांच्या म्हणण्यात तथ्य आहे. चार सत्रांत वीस विचारवंत उरकले की एकही अंगी लागत नाही. पण पाया म्हणजे नेमकं काय? उदारमतवादी जॉन स्टुअर्ट मिलने १८२३ ते १८५८ ईस्ट इंडिया कंपनीत नोकरी केली. १८५९ च्या ‘ऑन लिबर्टी’त त्याने ‘मागासलेल्या’ समाजांना स्वातंत्र्याच्या तत्त्वातून वगळलं. हिंदुस्थान बाजूला ठेवून शिकवलेला मिल अर्धाच. म्हणजे पाया पक्का करायचा, तरी जग आधीच आत येतं.

शेवटच्या युनिटचे गुण वाढवा, असं मी सुचवणार होतो. आता वाटतं, ते युनिटच मोडावं. पेनशेजारी फुले ठेवावेत. १७८९ चा फ्रेंच जाहीरनामा शिकवताना १७९१ मध्ये उठलेले हैतीचे गुलाम शिकवावेत. मिलसमोर आंबेडकर आणावेत. त्यात काही नावं गळतील, इब्न खल्दूनसुद्धा कदाचित. हे नुकसान मोठं आहे, तरी मी ते पत्करेन. चार ओळींच्या टिपणापुरता उरलेला विचारवंत अभ्यासक्रमात असून नसल्यासारखाच. आणि ज्याच्याशी भांडता येतं, तोच विद्यार्थ्याच्या विचारात मुरतो.