पेव आणि पेरणी

सन २०२१ च्या मे महिन्यात, महामारीची दुसरी लाट ऐन भरात असताना, आमच्या धर्मग्रामातील एक गृहस्थ साताऱ्याच्या एका रुग्णालयात निवर्तले. नोकरीनिमित्त ते साताऱ्यात एकटेच राहत. घर आणि थोडी हळदीची शेती सांगलीजवळ. पत्नीला त्यांचे अंत्यदर्शन घडले नाही. कृष्णा-वेण्णेच्या काठी, संगम माहुलीच्या स्मशानभूमीत, संरक्षक पोशाखातील कामगारांनी त्यांच्या देहाला अग्नी दिला. मुलगा दूर उभा होता. दुसऱ्या दिवशी अस्थी आणि राख घेऊन तो घरी परतला.

काही आठवड्यांनी आम्ही त्या घरी गेलो. प्रार्थना झाल्यावर बाईंनी विचारले, “फादर, मूठमाती मिळाली असती, तर हे कुठे विसावलेत ते तरी ठाऊक असते. आता राख झाली. शेवटच्या दिवशी हे उठणार कशातून? आणि शेवटचे तेलही लागले नाही ह्यांना. न्यायाच्या वेळी ह्यांचे काय होईल?”

सेमिनरीत शिकलेली उत्तरे आम्हाला पाठ होती. तरीही त्या दिवशी ती ओठांवर येईनात. आज ती शांतपणे मांडावीत, असे वाटते. कारण हे प्रश्न केवळ त्या एका घरातले नाहीत.

राखेचा प्रश्न ख्रिस्तसभेला नवा नाही. इ. स. १७७ मध्ये आजच्या फ्रान्समधील लिओं नगरात ख्रिस्ती श्रद्धावंतांचा भीषण छळ झाला. छळ करणाऱ्यांनी हुतात्म्यांचे देह जाळले आणि त्यांची राख रोन नदीत लोटून दिली. पुनरुत्थानाच्या ज्या आशेवर ही माणसे मरणाला भीत नाहीत, ती आशाच बुडवावी, असा त्यांचा हेतू होता. पण ख्रिस्तसभेने त्या हुतात्म्यांना हरवलेले मानले नाही. त्याच नगराचे पुढचे महागुरू संत इरेनियस यांनी देहाच्या पुनरुत्थानाची बाजू मोठ्या निष्ठेने मांडली. ज्या परमेश्वराने मातीतून माणूस घडविला, त्याला राखेची अडचण ती कोणती?

मग ख्रिस्तसभेने दहनाला इतकी वर्षे विरोध का केला? एकोणिसाव्या शतकात युरोपातील काही मंडळी पुनरुत्थानावरील श्रद्धा नाकारण्याची खूण म्हणून दहनाचा पुरस्कार करीत होती. म्हणून १८८६ साली रोमने दहनाला मनाई केली. विरोध अग्नीला नव्हता. त्यामागील नकाराला होता. पुढे परिस्थिती पालटली आणि १९६३ मध्ये ही मनाई सैल झाली. १९८३ च्या धर्मसंहितेने दफनाच्या प्रथेची कळकळीने शिफारस केली, पण ख्रिस्ती शिकवणुकीविरुद्ध हेतूने निवडलेले नसेल, तर दहनास आडकाठी ठेवली नाही. आमच्या त्या गृहस्थांनी तर दहन निवडलेही नव्हते. ते त्यांच्या वाट्याला आले होते.

आमच्या मनातील खरा गोंधळ मात्र वेगळ्याच ठिकाणी असतो. सांगलीजवळ हरिपूरला कृष्णा-वारणेचा संगम आहे. तेथील मातीत खोल पेव खणून त्यात हळद साठविण्याची पूर्वापार रीत आहे. शिजवून वाळवलेली हळकुंडे पेवात घालायची, तोंड बंद करायचे आणि भाव आला की काढायची. जे घातले तेच बाहेर यावे, हे पेवाचे काम. नकळत आम्ही दफनभूमीलाही पेव समजतो. देह तेथे जपून ठेवला आहे, शेवटचा कर्णा वाजला की जसाच्या तसा बाहेर काढला जाईल, अशी काहीशी आमची कल्पना असते. मग देह जळला, पुरात वाहून गेला की आम्हाला ठेव बुडाल्यासारखे वाटते. पण पेवेही कायमची सुरक्षित नसतात. २००५ च्या महापुरात पाणी हरिपूरच्या पेवांत शिरले, हे सांगलीकरांना आठवत असेल.

संत पौल करिंथकरांस लिहिलेल्या पहिल्या पत्राच्या पंधराव्या अध्यायात साठवणीचा दृष्टान्त देत नाहीत; ते पेरणीचा देतात. अक्षय्य तृतीयेच्या सुमारास आमचा शेतकरी हळदीचे बेणे जमिनीत घालतो. जे घालतो ते ओबडधोबड. जे वर येते ते हिरवेगार, रुंद पानांचे. दोहोंत बाह्य साम्य काहीच नाही. तरीही हळदीच्या बेण्यातून ऊस उगवत नाही. जे पेरले तेच, पण नव्या जीवनात, नव्या वैभवात. उठलेल्या प्रभूच्या देहावर खिळ्यांचे व्रण होते, आणि ते पाहूनच थोमाची श्रद्धा जागी झाली. आमचे शेजारी पुनर्जन्म मानतात. त्यांच्या श्रद्धेचा आम्ही आदर करतो. पण आमची आशा निराळी आहे. आत्म्याला दुसरा देह, दुसरे नाव मिळेल असे आम्ही म्हणत नाही. ज्या हातांनी बेणे लावले, लेकराला उचलले, ज्या देहाने आजार सोसला, त्या माणसालाच परमेश्वर नावाने हाक मारील.

आता न्यायाचा प्रश्न. ख्रिस्तसभा शिकविते की मरणाच्या क्षणी प्रत्येकाचा व्यक्तिगत न्याय होतो आणि युगाच्या अंती सर्वांचा अंतिम न्याय होईल. त्या वेळी आमच्या प्रत्येक कृत्याचे धागे कोठवर पोहोचले, हे उघड होईल. रुग्णाभ्यंगाची कृपा मोठी. परंतु परमेश्वर आपल्या साक्रामेंतांनी बांधलेला नाही. मार्च २०२० मध्ये रोमने महामारीतील मरणोन्मुखांसाठी पूर्ण दंडमुक्तीची तरतूद केली. ज्यांना अभ्यंग किंवा अखेरचा प्रसाद मिळणे अशक्य होते, पण ज्यांचे अंतःकरण सिद्ध होते आणि जे आयुष्यात काही तरी प्रार्थना करीत आले होते, त्यांच्यासाठी ख्रिस्तसभा स्वतः उभी राहिली. त्या बाईंना आम्ही हे सांगितले आणि त्यांचा चेहरा थोडा निवळला.

आमचा चेहरा मात्र निवळला नाही. संत मत्तयच्या पंचविसाव्या अध्यायात राजा न्यायासनावर बसतो, तेव्हा कोणाला तेल लागले होते, असे तो विचारीत नाही. भुकेल्याला कोणी जेवू घातले, आजाऱ्याकडे कोण गेले, हे तो पाहतो. ते गृहस्थ रुग्णालयात होते, तेव्हा आम्ही दूरध्वनीवरून प्रार्थना केली. नियम होते, हे खरे. पण त्या नियमांआड आमची भीतीही लपली होती, हेही तितकेच खरे. परवानगी मागून तरी पाहावी, एवढेही आम्ही केले नाही. आणि ज्याचे नावही आम्हाला ठाऊक नाही, असा एक कामगार, बहुधा पोटासाठी, जिवावर उदार होऊन त्या देहाजवळ उभा होता. मृतांना मूठमाती देणे हे दयेचे कृत्य मानण्याची परंपरा आम्ही तोबीतच्या कथेपासून सांगतो. ते कृत्य त्या दिवशी त्याने केले. बाईंनी पतीच्या न्यायाविषयी विचारले. वास्तविक तो प्रश्न आम्ही स्वतःला विचारायला हवा होता.

राखेचे काय करावे, हा प्रश्न उरला होता. नातलगांपैकी कोणी हरिपूरच्या संगमावर विसर्जन सुचविले, तर मुलाला ती घरीच ठेवावीशी वाटत होती. २०१६ च्या रोमच्या निर्देशानुसार रक्षा विखुरू नये. ती पवित्र स्थळी ठेवावी. २०२३ च्या खुलाशाने अल्पसा अंश अर्थपूर्ण स्थळी जतन करण्याची वाट अटींसह मोकळी केली. तरी मूळ भूमिका तीच राहिली. मृत माणूस एका घराची मालमत्ता नव्हे. तो साऱ्या श्रद्धावंतांच्या प्रार्थनेचा आहे. हे पटल्यावर आम्ही ती रक्षा दफनभूमीत पुरली. खड्डा हातभर खोल होता. पहिली मूठ बाईंनी टाकली.

दर २ नोव्हेंबरला आपण आपल्या मृतांच्या थडग्यांवर मेणबत्त्या लावतो. बंधुभगिनींनो, तेथे आपण काही साठवून ठेवलेले नाही. पेरलेले आहे, याचे स्मरण ठेवू या. आणि आपण गेलो नाही तेथे जे गेले, त्या अनोळखी हातांसाठीही एक मेणबत्ती लावू या.